भिंतीतून गेलेली वायर

नाशिकहून निघालो तेव्हाच मन खट्टू होतं. जव्हारमार्गे वसई फाटा गाठेपर्यंत खड्ड्यांनी उरलंसुरलं अवसानही काढून घेतलं. इंटरनेटला जोडलेली यंत्रं चोरांपासून सुरक्षित आहेत का, हे मी तपासतो. मी पास केलं, तरच दिनेशभाऊंच्या गाळ्याला (औद्योगिक वसाहतीतला लहान कारखाना) मोठ्या कंपनीचं काम मिळत राहणार होतं. दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं.

दिनेशभाऊ मूळचे केळीच्या वाडीतले. आता लोखंडी भाग तापवून कडक करायची भट्टी चालवतात. आल्या आल्या त्यांनी सुकेळी (वाळवलेली केळी) पुढे केली. भट्टीशेजारचा छोटा संगणक तापमान जागच्या जागी ठरवायचा. मध्यंतरी कुणीतरी बाहेरून शिरून त्यातले आकडे बदलले आणि सगळा माल ठिसूळ निघाला.

मी संगणक पुसून नव्याने भरला, पासवर्ड बदलले. जेवून येतो तर आकडे बदलणारा तो व्हायरस पुन्हा हजर. वायर धरून शोधत गेलो, तर ती भिंतीच्या भोकातून शेजारच्या सावंतांच्या भट्टीला पोचलेली. चोर त्यांच्या जुनाट संगणकात ठाण मांडून होता.

"पुसून टाकू?" मी विचारलं.

"परत चालू होईल याची गॅरंटी द्या साहेब, मग पुसा," सावंत म्हणाले. मला देता येईना.

दोन्ही संगणकांच्या मध्ये, वायरीवर, पहारेकरी यंत्र बसवून पाहिलं, तर तो म्हातारा संगणक मुकाच झाला. राहता राहिली वायर तोडणं.

"ती नाय तुटनार," दिनेशभाऊ शांतपणे म्हणाले. "सावंतांच्या डायलिसिसच्या दिवशी त्यांची भट्टी मी या वायरीवरून इथूनच बघतो. माझ्या गाळ्यात पानी भरलं तवा माझा माल त्यांनीच काढून दिला."

"आमच्या गावाकडे याला सावड म्हणतात," सावंत म्हणाले. (सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची रीत.) मी मान खाली घातली. माझ्या नियमांत सावडीला जागा नव्हती.

परतताना घाटातले डोंगर हिरवेगार होते म्हणे. मी पाहिले नाहीत. घरी येऊन खरं तेच लिहिलं: नापास. इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी दिनेशभाऊंचा फोन आला. "काम गेलं साहेब. भट्टी थंड केली."

"मग आता ती वायर तरी काढली असेल," मी म्हणालो.

"कशी काढनार? आज सावंत दवाखान्यात हायेत. त्यांचीच भट्टी बघत बसलोय."