मागच्या गल्लीला दिलेला शब्द

आमच्या गावातल्या इंजिनिअरांच्या संघटनेने आपल्याच एका माणसाला फसवलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्या माणसाच्या गोष्टी सांगेन, तुम्ही हसाल, छान लिहिलं म्हणाल आणि पान उलटाल. संघटनेने त्याच्या तोंडून एका गल्लीला शब्द देववला आणि मागाहून तो स्वतःच मोडला. तो माणूस आता नाही. मोडणारे सगळे जागच्या जागी आहेत.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. अंगाने काटक, शर्ट नेहमी बाहेर सोडलेला. कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी तांब्याभर पाणी मागायचे. घरची बाई लगबगीने तांब्या आणून द्यायची. साहेब तो तोंडाला लावत नसत. अंगणात उभे राहून पाणी जमिनीवर ओतायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि ते कुठे जातं ते बघत राहायचे.

"पाह्यलं काय? भितीकडं चाललं. मंग भीत फुगन नाई तं काय करन?"

आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं. आसेगावच्या एका म्हातारीने त्यांना तोंडावर ऐकवलं, "साहेब, पेत नसान तं तांब्या माघारी द्या. मी त्यात भांडे घासतो." साहेबांनी मुकाट्याने तांब्या परत दिला. पुढच्या वेळेपासून आसेगावला जाताना ते घरून पाण्याची बाटली भरून न्यायला लागले. प्यायला नव्हे, ओतायला.

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली. मी जऊळक्याच्या स्टेशनसमोर हातगाडीवर खिळे आणि कड्या-कोयंडे विकत मोठा झालेला माणूस. आज माझं सिमेंट, लोखंड, पाइपचं दुकान आहे. भावात मी कोणाला सोडत नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलेलं नाही. एक दिवस गिऱ्हाईक पैसे मोजायच्या बेतात असताना हे गृहस्थ मागून आले आणि त्याला म्हणाले की इतकं सिमेंट कायले नेतो, तुह्या दोन खोल्यांले याच्या निम्मं पुरते. गिऱ्हाईक निम्मं घेऊन गेलं. मी गल्ल्यावरून उठलो.

"साहेब, तुमी माह्या पोटावर पाय देऊन राह्यले."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "शेट, तितक्या उंच पाय नेयाचा मनलं तं मले शिडी लागन."

दुकानातला हमालसुद्धा हसला. मी त्याला दिवसभर शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

त्यांची घासाघीस करायची तऱ्हा मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ते भाव विचारत आणि गप्प बसत. महाग आहे म्हणत नसत, दुसऱ्या दुकानाचं नाव घेत नसत. स्टुलावर बसून चहा पीत, रस्त्यावरची माणसं बघत. भांडणाऱ्याला कसं हरवायचं ते मला ठाऊक आहे. न भांडणाऱ्याचं काय करायचं? थोड्या वेळाने मीच भाव उतरवायचो. मग ते उठत आणि म्हणत, "आता बराबर बोलला." गंमत अशी की ते स्वतःसाठी काही घेत नसत. कोणा ना कोणा गरिबासोबत आलेले असत.

संघटनेने आठवडी बाजारात मोफत सल्ल्याचं टेबल मांडायचं ठरवलं. पहिल्या बाजाराला सगळे पदाधिकारी इस्त्रीचे कपडे घालून आले, फोटो काढले, वर्तमानपत्रात छापून आणले. दुसऱ्या बाजाराला साहेब एकटे होते. तिसऱ्या बाजारालाही. पुढे वर्षानुवर्षे तेच. एका बाजूला कांदेवाली, दुसऱ्या बाजूला दोर विकणारा आणि मध्ये छत्रीखाली साहेब. मागच्या फलकावर नाव मात्र संघटनेचं, मोठ्या अक्षरांत.

लोक काय वाटेल ते विचारायचे. कामरगावचे दोघे भाऊ आले, घराच्या मधोमध भिंत घालायची होती. साहेब म्हणाले, भिंत घाला, पण दोन्ही छपरांचं पाणी धाकट्याकडे पडेल. झालं, दोघांची तिथेच जुंपली. शेवटी थोरला वैतागून म्हणाला की भिंत राहू द्या, एक पन्हाळ लावून घेतो. घर आजही एकत्र आहे, ते दोघे बोलत नसले तरी.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याच्यामुळे संस्थेला नाव मिळतं आणि संस्थेला तो फक्त अडचणीच्या वेळी आठवतो. संघटनेला साहेब आठवले ते भवनाच्या वेळी.

संघटनेला स्वतःचं भवन बांधायचं होतं. जागा मिळाली ती एका जुन्या मोकळ्या प्लॉटची. त्याच्या मागे एक गल्ली आहे. मजूर, ऑटोवाले, एक-दोन नोकरदार, सगळी बैठी घरं. त्यांच्या गल्लीचं पावसाचं पाणी पूर्वीपासून याच प्लॉटमधून समोरच्या नाल्याला जायचं. लोक अडून बसले. भवन झालं तर आमचं पाणी कुठे जाईल, हा त्यांचा एकच प्रश्न. पदाधिकारी समजवायला गेले. त्यांनी नकाशे उलगडले, इंग्रजीत बोलले आणि परत आले. मग संघटनेचे अध्यक्ष स्वतः साहेबांकडे गेले.

साहेब गल्लीत गेले तेव्हा मी सोबत होतो, अध्यक्षही होते. गल्लीत वच्छलाबाईंचा शब्द चालतो. भाजी विकतात, शिवणाचं मशीन चालवतात, दोन्ही मुली त्यांनीच शिकवल्या. साहेबांनी त्यांच्याकडे तांब्या मागितला, गल्लीत ओतला, पाणी प्लॉटकडे गेलं. ते म्हणाले की भवनाच्या खालून सिमेंटच्या पाइपांची लाइन टाकू, सगळं पाणी समोरच्या नाल्यात काढू आणि भवनाच्या अंगणाचा उतारही समोरच ठेवू.

वच्छलाबाई म्हणाल्या, "कागदावर नोका सांगू साहेब. तुमी म्हना."

"मी म्हनतो," साहेब म्हणाले. "तुमच्या घरात पानी येनार नाई."

अध्यक्ष शेजारी उभे होते. त्यांनी मान डोलावली. ती मान मी पाहिली आहे, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर साहेब दुकानात आले, स्टुलावर बसले. म्हणाले की भवनाले पैसे हायेत, टाइलले हायेत, पाइपाले नाईत. पुढे एक अक्षर नाही. चहा संपला, रस्त्यावरून माणसं गेली-आली. मी सगळे पाइप फुकट दिले. रात्री घरी सांगितलं तर बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ते पाइप आज कुठे आहेत ते मी सांगतो, तुम्ही जाऊन पाहू शकता. भवनाच्या फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना उभे पुरले आहेत. पांढरे-निळे रंगवून त्यांत माती भरली आहे आणि शोभेची झाडं लावली आहेत. प्रत्येकावर एकेका पदाधिकाऱ्याचं नाव आहे.

हे कसं झालं? भवन पुरं होत आलं आणि लक्षात आलं की लग्नाकार्याला भाड्याने द्यायचं तर गाड्यांना जागा पाहिजे. म्हणून अंगणात मुरूम टाकून ते उंच केलं, वर ठोकळे बसवले. लाइन टाकायची राहिली ती राहिलीच. उद्घाटन अभियंता दिनाला, म्हणजे ऐन सप्टेंबरात. मोठे पाहुणे येणार. त्यांच्या बुटांना पाणी लागू नये म्हणून अंगणाचा उतार समोरून काढून मागे दिला. गल्लीकडे. सगळे शिकलेले इंजिनिअर, पाणी कुठे जाणार हे ज्यांना झोपेतही कळतं अशी माणसं. त्यांनी ते समजून उमजून केलं.

साहेब तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला लेकीकडे होते. परत आले ते उद्घाटनाच्या दिवशी. त्यांना शाल दिली, पहिल्या रांगेत बसवलं. दुपारी पाऊस लागला आणि आमच्याकडे सप्टेंबरचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांचे बूट कोरडे राहिले. भाषण चालू असताना साहेब उठले, दारात आले, अंगणातलं पाणी पाहिलं. ते मागे पळत होतं. छत्री न घेता, काठी टेकत ते गल्लीत गेले. मी मागोमाग गेलो.

वच्छलाबाईंच्या घरात घोट्याच्या वर पाणी होतं. मशीन त्यांनी खाटेवर चढवलं होतं. ज्वारीचं पोतं भिजून फुगलं होतं. धाकटी मुलगी वह्या छातीशी धरून उभी होती. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी भिंतीला लावलेली प्लॅस्टिकची खुर्ची काढली, त्या पाण्यात ठेवली, पदराने पुसली.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या.

साहेब बसले. दुखरा पाय पाण्यात, गळ्यात संघटनेची शाल. मग बाई म्हणाल्या, "तुमी खोटं बोलान असं वाटलं नवतं."

साहेबांनी सांगायला हवं होतं की मी इथे नव्हतो, हे माझ्या पाठीमागे झालं. मी ते सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. "शब्द माहा होता शेट," एवढंच म्हणाले.

पुढच्या बैठकीत त्यांनी लाइन टाका म्हणून मागणी केली. अध्यक्ष म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, समिती नेमू. समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी साहेबांचंच नाव घातलं, आणि ती एकदाही बसली नाही. मी अध्यक्षांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "शेटजी, वर्षातून दोन-चार दिवसांच्या पाण्याचं काय घेऊन बसलात?" मी त्यांच्या घरचा चहा तसाच ठेवून उठलो. आयुष्यात फुकटचा चहा मी तेवढाच सोडला.

साहेबांनी बाजारातलं टेबल बंद केलं. मी ओरडलो, भांडलो, म्हटलं, तुमचा काय दोष? ते म्हणाले, "लोक इचारतीन, मी सांगीन, आन् थे खरं मानतीन. कसं बसू?" घरीच राहायला लागले. दोन पावसाळे त्यांनी काढले. दोन्ही पावसाळ्यांत, आभाळ भरून आलं की ते मला फोन करायचे आणि गल्लीत जाऊन ये म्हणायचे. मी जायचो. पाणी असायचं. मी फोनवर तसंच सांगायचो. त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेला गाव लोटलं होतं. त्या गल्लीतून एकही माणूस आला नाही.

शोकसभा भवनातच झाली. अध्यक्षांनी डोळे पुसले. म्हणाले, साहेब म्हणजे आपल्या संघटनेचा विवेक होता, त्यांच्या नावाने पुरस्कार देऊ. मी उभा राहिलो आणि विचारलं की लाइन कधी टाकता. दोघांनी मला दंडाला धरून बसवलं. ही वेळ नाही, म्हणाले. मी विचारलं, मग कोणती? माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता.

मी वच्छलाबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, उतार कोणी फिरवला, साहेब कुठे होते, पाइप कोणी पळवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी दुकानदार. मेलेल्या दोस्ताची बाजू घेनारच. अन् असं असतं तं साहेब सोता नसते बोलले?"

मी आयुष्यभर भाव चढवून सांगितले आहेत, माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? ज्यांच्या शब्दाने हे मिटेल ती माणसं भवनात लग्नाची बुकिंग घेत बसली आहेत. त्या गल्लीत साहेब आजही खोटं बोलणारा माणूस आहेत.

तेव्हा अध्यक्ष, तुमचा पुरस्कार ठेवा बाजूला. लाइन टाकाल तेव्हा टाका, त्यासाठी मी तुमच्याशी वेगळा भांडेन. आधी त्या गल्लीत या. वच्छलाबाईंच्या दारात उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा की तो शब्द साहेबांनी मोडला नाही, आम्ही मोडला. तेव्हा मान डोलावली होती ना? मग आता बोला. कोणत्या दिवशी येता?