चाळीस वह्यांतले वडील

“आधी तुम्ही लिहा,” असं म्हणून बाई कोरे कागद वाटायच्या आणि खुर्ची ओढून स्वतःही लिहायला बसायच्या.

हडपसरच्या आमच्या शाळेत, मुलांना लिहायला कसं शिकवावं याचं प्रशिक्षण द्यायला त्या आल्या होत्या. स्वतः निवृत्त शिक्षिका. लोणी काळभोरहून बसने यायच्या. पहिल्या दिवशी आम्हा बारा शिक्षकांना विषय दिला : आज सकाळी घरात काय झालं. अर्ध्या तासाने माझ्या कागदावर दीड ओळ होती, तीही खोडलेली. शेजारचे सर वैतागले. “बाई, आम्ही वीस वर्षं निबंध शिकवतोय.”

“हो ना,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “म्हणून तर मला पाठवलंय.”

चहा झाला की सह्या घेऊन जाणारे प्रशिक्षक तुम्हीही पाहिले असतील. बाई मात्र पुन्हा पुन्हा आल्या. दर गुरुवारी माझ्या सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायच्या.

एका गुरुवारी त्यांनी निबंधाच्या वह्या मागितल्या. मी कौतुकाने दिल्या. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. ‘माझे वडील’ हा निबंध मी फळ्यावर लिहून दिला होता, मुलांनी उतरवला होता. मधल्या सुट्टीत बाईंनी सगळ्या वह्या वाचल्या.

“चाळीस वडील,” त्या म्हणाल्या. “चाळीसही जण पहाटे पाचला उठतात, पेपर वाचतात, ऑफिसला जातात. फारच शिस्तीचा भाग आहे हो तुमचा.”

मी हसले. मग त्यांनी अश्विनीची वही पुढे केली. तिला मी दहापैकी नऊ दिले होते. “हिचे वडील काय करतात?”

मला माहीत नव्हतं. अश्विनीला बोलावलं.

“खराडीला बिल्डिंगच्या कामावर पडले,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली, झोपूनच हायेत.”

“मग ऑफिसला जातात असं का लिहिलंस गं?” बाईंनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “टीचरनी फळ्यावर लिहिलं होतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं. ती गेल्यावर बाई मला बोलतील असं वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वह्या सारख्या करत म्हणाल्या, “मीही तीस वर्षं हेच केलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा कळलं. त्या मुलांना आता कुठे शोधू?”

त्या दिवसापासून मी फळ्यावर निबंध लिहून देणं बंद केलं. मुलांसमोर स्वतःचं लिहू लागले, खोडू लागले. अश्विनीने काही आठवड्यांनी लिहिलं : ‘पप्पांची कूस बदलायला मी आणि आई लागतो. पप्पा म्हणतात तुझे हात गार आहेत.’ मूळ दोन ओळींत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका. माझं लाल पेन पुढे झालं तसं बाईंनी मनगट धरलं.

“थांबा. आधी तिला काहीतरी विचारा.”

“मग तू काय करतेस?” मी विचारलं. दुसऱ्या दिवशी वहीत आणखी एक ओळ होती : ‘मग मी हात पोटावर घासून गरम करते.’

खरं सांगायचं तर त्या वर्षी गुण वाढले नाहीत. उतरवून नऊ मिळवणाऱ्यांना पाच मिळाले आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून कारण विचारलं. मी बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “निबंधाचा प्रश्न कोरा किती जणांनी सोडला?”

“कोणीच नाही.”

पलीकडून बाई म्हणाल्या, “बरं झालं.”

पुढच्या वर्षी गुणही वाढले. इतिहास-विज्ञानाची उत्तरंही मुलं आपल्या शब्दांत लिहू लागली. तोवर प्रशिक्षण बंद झालं होतं. त्याऐवजी आम्हाला मोबाइलवर व्हिडिओ यायचे. मधुमेहाने बाईंचे डोळे गेले होते.

बाई जाऊन आता वर्ष होईल. त्या जाण्याच्या थोडं आधी एका रविवारी दुपारी मी नव्या वर्गाचं लेखन घेऊन लोणीला गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी वाचत होते. मध्येच त्या बोट वर करायच्या, “ते वाक्य परत वाचा.” एका मुलीने आजीच्या कवळीबद्दल लिहिलं होतं, त्यावर त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

अकराव्या मुलाचं वाचताना त्यांची मान कलली. झोप लागली होती. त्यांच्या सूनबाईंनी खुणेने ‘राहू द्या’ म्हटलं.

पण शनिवारी मी वर्गाला शब्द दिला होता, सगळ्यांचं वाचून दाखवीन म्हणून. मी आवाज खाली आणला आणि बाराव्याचं वाचायला घेतलं.