गडगडता अंगठा

व्हर्लिन होगलंडने केलेला नियम एक दिवस त्याच्याच अंगाशी येणार, हे आधी कळलं ते त्याच्या उजव्या अंगठ्याला. व्हर्लिनला कळायला आणखी दहा महिने लागले. कुठलीही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागायचा, आणि एकदा शिरली की बाहेर काढायला त्याहून जास्त.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, मक्याची शेतं संपून गवताळ टेकाडं सुरू होतात तिथे, त्यांचा नेमबाजीचा क्लब होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही मंडळी दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे चढवून जमत, फळ्या ठोकून उभारलेल्या खोट्या गुत्त्यासमोर उभी राहून पोलादी पत्र्यांवर गोळ्या झाडत आणि मग बीन्स खात. रिव्हॉल्व्हर जुन्या चालीचीच हवी. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. शिवाय प्रत्येकाला क्लबातलं एक टोपणनाव हवं. व्हर्लिनचं नाव थंडर थंब, म्हणजे गडगडता अंगठा. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. त्याची बायको अर्डिस हिचं नाव प्रेअरी विडो, माळावरची विधवा. नवरा शेजारी उभा राहून तिसऱ्यांदा बीन्स घेत असायचा, तरी ती हेच नाव सांगायची.

व्हर्लिनने एकेचाळीस वर्षं जिल्ह्याचे कच्चे रस्ते सपाट करण्याचं यंत्र चालवलं होतं, आणि माणसंही आपल्याच मताने सपाट व्हावीत अशी त्याची अपेक्षा असे. काडतुसाचा आकडा जितका मोठा, तितकी गोळी जाड आणि धक्का जोरदार. त्याच्या मते रिव्हॉल्व्हरचं काडतूस एकच, पंचेचाळीसचं. अडतीसचं ज्यांना कणा नाही त्यांच्यासाठी. बत्तीस म्हणजे डास मारायचं औषध, आणि बावीसचं तर तो नावही घेत नसे. एकदा भर सभेत त्याने ठराव मांडला की ऑक्टोबरच्या वार्षिक स्पर्धेत जो कोणी अडतीसपेक्षा लहान काडतूस वापरेल, त्याने जेवणाच्या वेळी फुलाफुलांचा एप्रन बांधून सगळ्यांना बीन्स वाढायच्या. ठराव हसतखेळत मंजूर झाला. पुढच्याच वसंतात अर्डिसने बत्तीसची रिव्हॉल्व्हर घेतली. तेव्हापासून अकरा वर्षं ती बायकांमध्ये पहिली येत होती, आणि बीन्स वाढताना तिच्या गळ्यात पदकही असे आणि एप्रनही.

"डासांचं औषध संपलं का गं?" व्हर्लिन दरवर्षी ताट पुढे करून विचारायचा.

"तुझ्यापुरतं ठेवलंय थोडं," ती म्हणायची.

मग तो नाताळ आला. लोणच्याच्या काकड्यांची बरणी व्हर्लिनला काही केल्या उघडेना. अंगठ्याच्या मुळातून कळ गेली ती थेट कोपरापर्यंत. "मला काही भूक नाही," असं म्हणून त्याने बरणी अर्डिसकडे सरकवली. तिने ती उघडून ताटाशेजारी ठेवली.

डॉक्टरीणबाईने अंगठ्याचा फोटो पाहून मान हलवली. "सांधा झिजलाय. त्या तोफेचा धक्का आता सोसायचा नाही. मासे पकडायला जात जा."

व्हर्लिनला मासे आवडत नसत. ताटातही नाही आणि पाण्यातही नाही. घरी परतताना त्याला भीती वाटली, आणि असं त्याच्या बाबतीत फार क्वचित व्हायचं. दुसरा शनिवार गेला, तर उरलेल्या महिन्याचं करायचं काय? आणि लहान काडतूस घ्यावं, तर एप्रन! वीस वर्षं ज्यांना ज्यांना चिडवलं होतं ते सगळे ताट घेऊन रांगेत उभे आहेत, असं चित्र त्याला गाडीच्या काचेवर स्पष्ट दिसलं.

ऑगस्टमध्ये तो नव्वद मैलांवरच्या गावी एका दुकानात गेला. तिथे त्याला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. काउंटरवर कर्स्टन नावाची तरुण मुलगी होती.

"मेव्हणीसाठी हवीय," व्हर्लिन म्हणाला. "हलकी. बिचारीचा अंगठा दुखतो."

दुकानामागेच झाडून बघायची सोय होती. अडतीसच्या दुसऱ्याच गोळीला त्याचे डोळे भरून आले. "मेव्हणीला नाही झेपायची," तो म्हणाला. बावीसला धक्का असा नव्हताच, पण क्लबात बावीस फक्त शाळकरी पोरांना चाले. मग कर्स्टनने बत्तीस हातात दिली. व्हर्लिनने घोडा ओढला, चाप दाबला आणि कळ येण्याची वाट पाहत उभा राहिला. ती आलीच नाही. त्याने पाचही गोळ्या झाडल्या, मग आणखी पाच. कागदाच्या मधोमध मुठीएवढं भोक पडलं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपला हात आपला वाटला, आणि पोरीसमोर रडू नये म्हणून तो उगाच छताकडे बघत राहिला.

"हा सरकारी फॉर्म भरा," कर्स्टन म्हणाली. "पण मेव्हणीच्या पैशांनी तिच्यासाठी घेत असाल तर सही तिची लागेल. तिलाच यावं लागेल. खोटं लिहिलंत तर तुरुंग."

व्हर्लिनने पेन उचललं, ठेवलं, दुकानात दुसरं कोणी नाही ना ते पाहिलं.

"मीच ती मेव्हणी," तो म्हणाला.

"वाटलंच मला," असं म्हणत तिने फॉर्म पुढे सरकवला.

बाहेरून नवी रिव्हॉल्व्हर हुबेहूब जुनीसारखी होती, आणि तेवढ्यावर व्हर्लिनने सगळा बेत रचला. काडतुसं भरायच्या टेबलावर एक माणूस पहारा देतो. सहा घरांपैकी पाचच भरली ना, आणि घोडा सहाव्या, रिकाम्या घरावर टेकवला ना, एवढं बघणं त्याचं काम. ऑर्व्हल टिमन्स त्या जागेवर बसेपर्यंत थांबायचं. ऑर्व्हलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अडचण एकच होती, ती म्हणजे पट्टा. व्हर्लिनच्या जुन्या कातडी पट्ट्यावरची घरं पंचेचाळीसची. त्यांत बत्तीसचं काडतूस म्हणजे बापाच्या बुटात पोराचा पाय. पण नवा पट्टा घालणं म्हणजे दवंडी पिटणं. मग त्याने एक लोकरी मोजा कातरला, प्रत्येक घरात एकेक तुकडा कोंबला आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाला.

ऑक्टोबरचा शनिवार उजाडला. ऑर्व्हल टेबलावर बसला, पुकारा झाला, आणि थंडर थंब छाती काढून गाडीपासून टेबलाकडे फळ्यांच्या वाटेवरून चालत निघाला. चाल तीच जुनी, धाडधाड टाचा आपटत. प्रत्येक टाचेसरशी मागे काहीतरी टिंग करून पडत होतं.

"व्हर्लिन," मागून कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, तुझं काहीतरी गळतंय रे!"

हशा पिकला. व्हर्लिनने वळून पाहिलं. गाडीपासून टेबलापर्यंत पिवळ्या काडतुसांची रांग लागली होती, आणि मधून मधून करड्या लोकरीचे तुकडे. ऑर्व्हलने वाकून एक उचललं, नाकाला लावल्यासारखं डोळ्यांजवळ धरलं.

"ही तर बत्तीसची. अर्डिस, तुझी पडली गं!"

अर्डिस खाली पाहत होती. मग तिने व्हर्लिनच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा स्वतःचा पट्टा काठोकाठ भरलेला सगळ्यांना दिसत होता.

"हो, माझीच," ती म्हणाली. "आण इकडे."

सुटलो, असं व्हर्लिनला वाटलं. ते जेमतेम दोन क्षण टिकलं. काडतुसं तिची ठरली, तर तो झाडणार काय? आणि ही बाई अकरा वर्षं एप्रन बांधून उभी राहिली, ती आज त्याच्यासाठी सगळ्यांदेखत खोटंही बोलतेय. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"दे ती इकडे, ऑर्व्हल," तो म्हणाला. "माझी आहेत."

ऑर्व्हलने हातातलं काडतूस पुन्हा एकदा नाकापाशी नेलं. व्हर्लिनने पाच भरली, घोडा रिकाम्या घरावर टेकवला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

पहिले तीन पत्रे ठण्ण ठण्ण वाजले. चौथा म्हणजे लठ्ठ गुरंचोराच्या आकाराचा पत्रा, तो वाजून चालत नाही, पाडावा लागतो. बत्तीसने तो पडणं अशक्य, हे व्हर्लिनचंच भाषण. त्याने नेहमीसारखी पोटात गोळी घातली. चोर डुलला आणि पुन्हा ताठ झाला. गोळी एकच उरली होती.

"टोपीला मार!" अर्डिस ओरडली. "अरे गाढवा, टोपीला!"

त्याने टोपीला मारली, आणि चोर उताणा पडला.

वेळ मात्र इतका लागला की तो शेवटून चौथा आला. पण अंगठा दुखत नव्हता, आणि पुढच्या दुसऱ्या शनिवारी काय करायचं ते त्याला माहीत होतं.

जेवणाची घंटा झाली. घरीही रोज बांधायची तोच एप्रन अर्डिसने गाडीतून आणला आणि व्हर्लिनच्या गळ्यात अडकवून नाड्या त्याच्या पोटावरून मागे नेल्या. आता पुरणार नाहीत म्हणून सगळे टवकारून बघत होते. नाड्या मागे जाऊन पुन्हा पुढे आल्या आणि त्यांची ऐसपैस गाठ बसली. व्हर्लिनने टोकं हातात धरून पाहिली. दोन्ही बाजूंना वीतभर कापड जोडलेलं होतं, आणि तेही धुऊन धुऊन विटलेलं.

"हे कधी जोडलंस?"

"नाताळात," अर्डिस त्याच्या हातात पळी देत म्हणाली. "तू बरणी माझ्याकडे सरकवलीस ना, त्याच रात्री."