काकूंचा वाढीव हप्ता

"आधी भाग हातात घे, मग बोल," असं म्हणत चष्मा कपाळावर सरकवणाऱ्या ट्रॉयच्या काकूंचा मी जगात सगळ्यात जास्त ऋणी आहे. आईवडिलांचं वेगळं. पण परक्या देशात मला ताठ उभं राहायला शिकवलं ते काकूंनी.

मी जिंतूरचा. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा माझ्याजवळ पदवी होती, उसनं जाड जॅकेट होतं आणि मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती होती. काकू तिथे क्वालिटी विभागाच्या प्रमुख होत्या. मूळच्या सांगलीच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला.

ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते काही निघेना. एका मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर "काकू" म्हणून बसलो. गोऱ्या मंडळींना वाटलं, हे त्यांचं लाडाचं नाव असणार. आठवडाभरात सगळा प्लँट त्यांना काकू म्हणू लागला. साहेबांच्या फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, 'काकूंना विचारा.' काकू मला म्हणाल्या, "शहाण्या, मला अख्ख्या मिशिगनची काकू करून ठेवलंस!"

त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिक नव्हती, जाडी-रुंदी मोजायचा कॅलिपर होता. गणपतीत प्रत्येकाने घरून पदार्थ आणायचा पॉटलक असतो, तिथे कुणी विचारलं, "वड्या इतक्या सारख्या कशा पाडल्या हो?" तर त्यांनी पर्समधून कॅलिपर काढून वडीला लावून दाखवला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला काम आणि घर वेगळं ठेवताच येत नाही.

एकदा मला एका खोक्यातल्या भागांवर बारीक तडे दिसले. ट्रक भरत होता. मी धावत काकूंकडे गेलो.

"मग थांबव ट्रक," त्या म्हणाल्या.

"मी? माझं इंग्रजी..."

"तडा इंग्रजीत आहे का? चल."

मी ट्रकपाशी जाऊन जे काही बोललो ते आज आठवलं तरी कान गरम होतात. काकू माझ्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. ट्रक थांबला. त्या दिवसानंतर मला मीटिंगची भीती वाटली नाही.

काकू अडुसष्ट वर्षांच्या असताना कंपनी विकली गेली आणि त्यांचा विभागच बंद झाला. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. त्यांना केक मिळाला. त्यावर 'हॅपी रिटायरमेंट' लिहिलं होतं. काकूंनी सुरी घेतली आणि नेमकं दुसऱ्या शब्दावरून केक कापला. पुढे कुणी विचारलं, "मग, रिटायर झालात?" की त्या म्हणायच्या, "नाही. काम शोधतेय." आणि खरंच शोधत होत्या.

नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला, म्हणून त्यांनी मेडिकेअर घेतलं. हा इथल्या पासष्टीपुढच्या लोकांचा सरकारी विमा. त्याचा महिन्याचा हप्ता सगळ्यांना सारखा नसतो. उत्पन्न एका मर्यादेच्या वर असेल तर वाढीव रक्कम भरावी लागते, आणि ते उत्पन्न दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून ठरतं. काकूंचा पगार बंद झाला होता. हप्ता मात्र जुन्या पगाराच्या हिशेबाने आला.

ट्रॉयमधल्या मराठी ज्येष्ठांचा महिन्यातून एकदा चहा असतो. लोकांना ने-आण करायला मीही जायचो. तिथे नागपूरचे एक काका हप्त्यावरून तापले होते. "मी तिकडचा फ्लॅट विकला बाप्पा. टॅक्स दोन्हीकडे भरला. म्हटलं, मिटलं! अन् दोन वर्षांनी हे मेडिकेअर जागं झालं. रिटर्न दोघांचं एकत्र, म्हणून माझाही हप्ता वाढला, बायकोचाही. तिचा काय गुन्हा?"

"तुमच्याशी लग्न केलं," काकू म्हणाल्या. सगळे हसले, काकांची बायको सगळ्यात जास्त. मग काकूंनी आपलं बिल काढून टेबलावर ठेवलं. "मला तर कौतुक वाटलं. सरकार मला अजून कमावती समजतंय."

त्या हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसलो. जानेवारीत बर्फ पडल्यावर त्यांच्या घरासमोरचा ड्राइव्हवे साफ करायला गेलो, तेव्हा कळलं की हप्ता त्यांना जड जातोय. घर गार पडलं होतं. काकू प्लँटचं जुनं जॅकेट घालून चहा करत होत्या.

"काकू, हीटर बंद पडलाय का?"

"कमी ठेवलाय. थंडीत डोकं चांगलं चालतं."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, यू कान्ट लिव्ह लाइक धिस. घर विक, इकडे ये. बेसमेंट रेडी आहे."

"बेसमेंटमध्ये लोणची ठेवतात," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण त्यांचा चेहरा उतरला होता. असंच चाललं तर एक दिवस जावं लागेल, हे त्यांना कळत होतं.

नागपूरच्या काकांची तक्रार ऐकल्यावर मी नियम वाचून काढले होते. म्हटलं, "काकू, तुमच्यासाठी वाट आहे. काम थांबल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर अर्ज करता येतो. हप्ता या वर्षीच्या उत्पन्नावर ठरवतात. नागपूरच्या काकांना ते जमणार नाही, फ्लॅट विकणं त्या कारणांत बसत नाही. तुमचं बसतं."

"माहितीये मला. वाचलंय." त्या ओट्याकडे वळल्या. "पण सही करून लिहायचं की माझं काम थांबलं. गेल्या आठवड्यात दोन कंपन्यांना कळवलंय की मला घ्या, मी अजून काम करते. इकडे एक सांगायचं, तिकडे दुसरं? एकाच भागाची दोन मापं देऊ?"

चहा संपत आला. मग जे मनात आलं ते बोललो. "काकू, तुम्हीच मला शिकवलंत, भाग काल कसा होता आणि उद्या कसा होईल ते लिहायचं नाही. आज हातात आहे तसा मोजायचा. आज पगार नाही. आजचं माप द्या. उद्या बदललं तर उद्याचं द्या."

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, "माझंच मला ऐकवतोस होय रे?" आणि जॅकेटची चेन वर ओढली. "गाडी काढ. मोठ्या रस्त्यावर बर्फ नाहीये."

हे हप्ते ठरवणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या तरुण मुलीने कागद पाहिले आणि हसून विचारलं, "सो, यू आर रिटायर्ड?"

काकूंनी कागद परत ओढून पुन्हा वाचले. मागची रांग चुळबुळ करू लागली. शेवटी त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आज मी काम करत नाही." आणि लगेच विचारलं, "पुन्हा सुरू केलं तर?"

"तर आम्हाला कळवा," मुलगी म्हणाली.

"नक्की कळवीन."

अर्ज मंजूर झाला. वाढीव रक्कम उतरली. काकूंच्या घरी आता स्वेटर काढून बसता यायचं. चहाच्या बैठकीत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. त्यांनी त्या मुकाट्याने ऐकून घेतल्या. रोज सकाळी मात्र त्या नेमाने कंपन्यांना अर्ज पाठवत राहिल्या. मला वाटायचं, कुणी साधं उत्तर तरी द्यावं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "मिळालं," एवढंच म्हणाल्या. टेनेसीतल्या एका प्लँटचे ब्रेकचे भाग ग्राहकाकडून सारखे परत येत होते. हे काम जाणणारं, रोज फ्लोअरवर, मशीनपाशी उभं राहणारं माणूस त्यांना पूर्ण वेळ हवं होतं. पगार जुन्या पगाराच्या तोडीचा होता. मी अभिनंदन करायला लागलो, तर म्हणाल्या, "थांब, मला त्या हप्त्याच्या ऑफिसला फोन लावायचाय. अर्जात लिहिलेला उत्पन्नाचा अंदाज बदलला ना माझा."

ही बातमी बैठकीत पोचली, तेव्हा नागपूरच्या काकांना राहवेना. "बाप्पा! सुटलेली भानगड पुन्हा गळ्यात घेता? रिटर्न गेल्यावर त्यांना कळंलच ना आपोआप!"

"त्यांना कळेल तेव्हा कळेल," काकू म्हणाल्या. "मला आज कळलंय."

मेडिकेअर त्यांनी सोडलं नव्हतं, त्यामुळे वाढीव रक्कम पुन्हा सुरू झाली. या वेळी त्यांनी बिल दाखवलं नाही. हातातले पोलादी टोकाचे नवे बूट मात्र सगळ्यांना दाखवले. मुलगी फोनवर ओरडत होती, "आई, यू आर ऑलमोस्ट सेव्हंटी!" आणि काकू सांगत होत्या, "म्हणूनच सोमवारी रुजू होतेय, उगाच उशीर कशाला?"

रविवारी त्या एकट्या ड्राइव्ह करत टेनेसीला गेल्या. बैठकीत आता हप्त्याचा विषय निघाला की माझी नजर त्यांच्या खुर्चीकडे जाते. तिथे कोणीतरी दुसरं बसलेलं असतं. परवा मी त्यांना पत्र लिहिलं. ईमेल करता आला असता, पण काही गोष्टी मला हाताने लिहिल्याशिवाय सुचत नाहीत. ते असं:

ती. काकूंना सा. न. वि. वि.

इथे सगळे बरे आहेत. नागपूरचे काका हल्ली नव्या लोकांना हप्त्याचे नियम समजावतात. घर विकण्याआधी मला विचारा, असं दटावतात. फ्लॅट विकल्याचं वर्ष आता हिशेबातून गेल्यामुळे त्यांचा स्वतःचा हप्ता उतरला आहे, तरी तक्रार उतरलेली नाही.

जिंतूरला बाबांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "या वयात बाईमाणसाला कामावर घेतात?" मी म्हटलं, घेतात, आणि चांगलं कमावते म्हणून सरकार तिच्याकडून विम्याचे जादा पैसेही घेतं. बाबा मग म्हणाले, "अशा बाईच्या हाताखाली तू शिकलास, हे गावात सांगतो." काकू, ते खरंच सांगत फिरत आहेत. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे.

मलाही तेच करायचं आहे. म्हणून हे पत्र तुमच्या तिथल्या अपार्टमेंटवर न पाठवता प्लँटच्या पत्त्यावर पाठवतो आहे. ते गेटवर येईल. पोस्टमन तुमचं नाव वाचून विचारेल, या कुठे भेटतील? आणि गेटवरचा माणूस सांगेल, आत आहेत, कामावर.

तुमचा,
जिंतूरकर