दुरुस्तीची दहा मिनिटं

लढाईच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी बराकींपैकी तीन बराकी स्वातंत्र्यानंतर आमच्या कचेरीकडे आल्या. फौजेसाठी घ्यायच्या मालाची चाचणी करायची आणि कुठला माल घ्यावा याचा तक्ता वर पाठवायचा, एवढंच आमचं काम. मी तिथे टायपिस्ट होते. वडील गेल्यावर डोंबिवलीच्या दोन खोल्यांचा संसार माझ्यावर आला होता. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ फौजेच्या सिग्नल तुकडीत, संदेशवहनाच्या कामावर होता, काश्मीरच्या बाजूला एका उंच ठाण्यावर. नोकरीचा करार संपला की परत यायचं आणि स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. दुसरं काही करायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे दोन वस्तू चाचणीला आल्या. एक परदेशी बिनतारी संच. पाठीवर घेता येईल इतका हलका, पण भलताच महाग. त्याची बॅटरीही परदेशातूनच यायची. दुसरा इथेच बनलेला तारेचा फोन. लाकडी पेटी, फिरवायचा दांडा आणि सोबत तारेचं रीळ. एका संचाच्या किमतीत असे डझनभर फोन येत. आमचे साहेब सरळ माणूस होते. ते म्हणत, "उद्या बोट आली नाही तर बॅटरी कुठून आणणार? तार आपण इथे ओढू शकतो." यात खोटं काही नव्हतं. देशाची ऐपत आम्हा सगळ्यांना ठाऊक होती.

चाचणीसाठी बराकींपासून शहाडच्या बाजूला नदीकाठापर्यंत तार टाकली. दोन दिवस बोलणं स्वच्छ झालं. तिसऱ्या दिवशी लाइन बंद पडली. एका म्हशीच्या पायात तार अडकून तुटली होती. आमचा लाइनमन पायजमा वर खोचून निघाला, तुटलेली जागा शोधली, जोड घातला आणि येताना ताडगोळे घेऊन आला. ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले. साहेबांनी त्याला विचारलं, "जोड घालायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं, साहेब. त्यातली पाच म्हशीला हाकलण्यात गेली."

सगळे हसले. मी तक्त्यात लिहिलं: दुरुस्ती सोपी, दहा मिनिटे. त्याचं जाणं-येणं कुणी धरलं नाही. मीही नाही.

त्याच आठवड्यात भाऊ रजेवर आला. कचेरीतलं घरी बोलायचं नाही असा नियम होता. मी तो मोडला. जेवताना त्याला ताडगोळ्यांची गंमत सांगितली. तोही आधी हसला.

"ताई, वर म्हशी नाहीत गं," तो म्हणाला. "वर बर्फ सरकतं. तार कुठे तुटली ते दिसतच नाही. दोघं जण कमरेला दोर बांधून निघतो. तार हातात धरायची आणि ती संपेपर्यंत चालायचं."

"आणि मग जोड?"

"जोड हातमोजे घालून होत नाही. ते काढावे लागतात."

आईने वाढता वाढता हात थांबवला. मी विचारलं, "म्हणजे वायरलेस चांगला?"

"चांगला कसला! थंडीत बॅटरी मरते. आम्ही ती पांघरुणात घेऊन बसतो, अंड्यावर कोंबडी बसावी तसे. दोन्हीत खोट आहे. पण वायरलेस बिघडला तर तो तंबूत बसून बघता येतो. तार तुटली की माणूस बाहेर जातो. तुझ्या तक्त्यात एवढं एक घाल. दुरुस्ती कुठे करायची, आणि कोणी."

"घालते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तक्ता तयारच होता. अकरा रकाने, एक मूळ प्रत आणि कार्बनच्या पाच. माझं टायपिंग बिनचूक म्हणून कचेरीत नावाजलेलं होतं. एक रकाना वाढवायचा म्हणजे सगळं पुन्हा टाइप करणं आलं. मी हेडक्लार्कना विचारलं, "एक रकाना वाढवू का? दुरुस्ती कुठे करावी लागेल त्याचा?"

"बाई, चाचणी कुठे झाली?"

"इथे."

"मग इथे झालं ते लिहायचं. डोंगरावरचं डोंगरवाले लिहितील. टपाल चार वाजता जातं, ते बघा."

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता आणि तो कोरा होता. तिथे एक ओळ सहज बसली असती. पण हेडक्लार्कना पुन्हा न विचारता ती लिहिणं बरं दिसलं नसतं, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं. खरं कारण त्याहून लहान होतं. कागद पुन्हा यंत्रावर चढवला तर कार्बनच्या प्रतींवर ओळ वाकडी उमटली असती, आणि माझ्या सहाही प्रती स्वच्छ होत्या. आमच्याकडे रकाना रिकामा ठेवत नसत. प्रत्येक प्रत वेगळी चढवून मी त्यात दोन शब्द बसवले: शेरा नाही. तेवढे शब्द सरळ उमटले.

फोन मंजूर झाले. माझ्या एका ओळीने निर्णय फिरला असता असं मी आजही मानत नाही. वरच्या लोकांपुढे किंमत होती. पण ती ओळ तिथे असायला हवी होती.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात भावाचं पत्र आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. लष्करी इस्पितळातून होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं थंडीने गेली होती. तो घरी आला तेव्हा आईने दारातच तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी सामान आत घेतलं, पाणी तापवलं, औषधाच्या वेळा विचारून लिहून ठेवल्या. मला तेवढंच जमतं.

दोन-तीन दिवसांनी मी विचारलं, "फोन कुठला होता?"

"नवाच. पेटीवर इथला शिक्का होता. फोन चांगला होता, ताई. तार बर्फाने तोडली. मी जोड घातला आणि लाइन सुरू झाली." मग त्याने विचारलं, "तो रकाना घातला होतास?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि कूस बदलून पडून राहिला. त्यावर तो मला पुढे कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुकानाचा हट्ट त्याने लगेच सोडला नाही. म्हणाला, "डोकं माझं, हात तुझे." शेजारच्यांचा बंद पडलेला रेडिओ मी मागून आणला. चार रविवार आम्ही त्याच्यापुढे बसलो. तो सांगेल तो स्क्रू मी सैल करत होते, तो सांगेल ती तार हलवत होते. त्याने सांगितलेला क्रम मी एकदाही चुकवला नाही. चौथ्या रविवारी दुपारी तो म्हणाला, "थांब."

"काय चुकलं?"

"काही नाही. तू बरोबर करतेस. पण कुठे सैल आहे ते माझ्या बोटांना कळायचं. ते तुला कसं सांगू?" त्याने डावा हात रेडिओवर ठेवला आणि काढून घेतला. "देऊन ये त्यांना."

मी रेडिओ जोडला आणि उचलून शेजारी नेला. शेजारीणबाई दारातच होत्या.

"झाला का गं?"

"नाही."

"मग राहू दे की तुमच्याकडे. घाई नाही आम्हाला. पुढच्या आठवड्यात करेल तो."

"नको," मी म्हणाले. "तुम्ही दुसरा कुणी बघा."