छान म्हणायचं नाही

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. कानाला हेडफोन आणि नाकावर घसरलेला चष्मा अशा थाटात छानताई त्या दिवसातल्या तिसऱ्या आईला विचारत होत्या, "बाळाला झटके वगैरे आले का?"

"नाही हो."

"ताप?"

"नाही. हात लावून बघते ना सारखी. अजिबात गरम नाही."

"श्वास जोरात चालतो, छाती आत ओढल्यासारखी होते, असं काही?"

"नाही."

"दूध घेतं?"

"घेतं."

धोक्याच्या खुणांचा भाग संपला. पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि पुढचा भाग उघडला. हा भाग बाळाचा नव्हता, आईचा होता. छानताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं, "रात्री तुमची पुरेशी झोप होते का?"

"झोपेचं विचारूच नका, राणीसारखी झोपते," ती हसली. "बाळ गुणाचं आहे. त्रास म्हणून नाही. रात्रभर गाढ झोप, दिवसासुद्धा झोप. पाजायला मलाच उठवावं लागतं. दोन घोट घेतले की परत गुडुप. सासूबाई म्हणतात, असं बाळ नशिबानं मिळतं. असं चालतं ना हो?"

"छान," छानताई म्हणाल्या, आणि "हो" या शब्दासमोरच्या चौकोनात टिचकी मारली.

हे टोपणनाव त्यांना याच खोलीत मिळालं होतं. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरची ही पूर्वीची चादरी ठेवायची खोली. आता तिथे सहा टेबलं, टेबलांच्या मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे आणि सताड उघड्या खिडक्या होत्या. तापाची साथ सुरू होऊन बरेच महिने झाले होते. गरोदरपणात हा ताप येऊन गेला तर पुढे आईचं आणि बाळाचं काय होतं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घरोघरी जाणं बंद, तपासणीला यायला बायका घाबरतात. म्हणून ज्यांना ताप येऊन गेला होता अशा बायकांना बाळंतपणानंतर दर आठवड्याला फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे, असं हे संशोधन होतं.

प्रश्न विचारायचे म्हणजे फक्त विचारायचे. शब्द बदलायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, शाबासकी द्यायची नाही. कुणी काही विचारलंच, तर "थांबा, डॉक्टरांशी जोडून देते" म्हणायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं लाल बटण दाबायचं. कारण साधं होतं. एका आईला 'छान' म्हटलं आणि दुसरीला 'अगं बाई' म्हटलं, तर पुढच्या प्रश्नाला दोघी खरं उत्तर देत नाहीत. एक शाबासकी टिकवायला बघते, दुसरी लपवायला.

हे छानताईंना पाठ होतं. पण त्यांची उभी नोकरी प्रसूतिकक्षात गेली होती, आणि तिथे 'छान' हे कात्री-चिमट्याइतकंच कामाचं हत्यार होतं. "छान, आता श्वास सोड. छान, अजून एकदा जोर. छान गं माझी बाई." किती जणींना त्या एका शब्दावर त्यांनी सुखरूप पार नेलं असेल, याची गणती नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा निवृत्ती घेतली आणि बसून करायचं काम म्हणून इथे आल्या. गुडघे शांत झाले, जीभ झाली नाही.

शिकवणीच्या आठवड्यातच संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी त्यांना टोकलं होतं. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण सगळे त्यांना मॅडम म्हणत. "सिस्टर, आज तेरा वेळा 'छान' झालं."

शेजारच्या टेबलावरची, पूर्वी टेलिफोन खात्यात असलेली बाई आडोशावरून डोकावून म्हणाली होती, "मॅडम, यांच्या जिभेवर गतिरोधक बसवा. नाहीतर 'घर जळालं' म्हटलं तरी छानच म्हणतील."

सगळे हसले. छानताई स्वतःही हसल्या. तेव्हापासून त्या छानताई.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी चहा घेतला, डब्यातलं थोडं खाल्लं आणि बाराच्या पुढे पुन्हा कानाला हेडफोन लावला. या खेपेची आई टेकीला आलेली होती. मागे बाळाचा टाहो इतका मोठा की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"रात्री तुमची पुरेशी झोप होते का?"

"झोप? अहो ताई, हा मुलगा आहे की भोंगा? दर दीड तासानं उठतो, पोट फुटेस्तोवर पितो आणि पुन्हा बोंबलतो. आख्खी इमारत जागी ठेवतो! मी रडायच्या बेताला आलेय."

छानताईंच्या मनात आलं, फुप्फुसं दणदणीत आहेत, भूक दणदणीत आहे, काही काळजी नको याची. असंच असायला हवं या वयात.

आणि तिथेच त्या अडखळल्या.

असंच असायला हवं. मग ते दुसरं? उठवावं लागणारं, दोन घोटांत गुडुप होणारं? ताप नाही म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. इतक्या लहान जिवाला आजार झाला की ताप येतोच असं नाही, कित्येकदा अंग उलट गार पडतं. हे त्यांनी स्वतः कितीतरी शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. "रडणाऱ्या पोराची काळजी करू नका गं, गप्प पडलेल्याची करा." प्रश्न आईच्या झोपेचा होता, म्हणून त्यांनी आईच्या झोपेचं उत्तर ऐकलं. बाळ त्या उत्तरातच पडलं होतं. शिवाय आईनं विचारलंही होतं, असं चालतं ना.

"हॅलो? ताई, आहात ना?"

"आहे. एक मिनिट थांबा. तुमचं बाळ... नाही, मी पुन्हा फोन करते." त्यांनी हेडफोन टेबलावर टाकला. फोन असा मध्येच तोडायचा नसतो, हाही नियमच होता.

फोन नंबर त्यांच्या पडद्यावर दिसत नसे, फक्त आईचा नोंदणी क्रमांक दिसे. नंबर उघडायची किल्ली मॅडमकडे. बोळाच्या टोकाला असलेल्या मॅडमच्या खोलीपर्यंत छानताई दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळाल्या.

"मॅडम, सकाळची तिसरी आई. बाळ झोपाळू आहे, पाजायला उठवावं लागतंय. मी लाल बटण दाबलं नाही."

मॅडमनी मान वर केली. "किती वाजता झाला फोन?"

"दहा-वीस. आणि मी छान म्हणाले."

मॅडमनी नंबर उघडला, फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. तेव्हा त्यांनी तातडीसाठी ठेवलेल्या, त्या भागातल्या फिरत्या नर्सला पत्ता दिला आणि म्हणाल्या, "आत्ता निघ. दार उघडेपर्यंत वाजव. गाडी मागोमाग पाठवते."

मग त्या छानताईंकडे वळल्या. "बसा सिस्टर. गुडघे दुखत असतील तुमचे."

"मी उभीच बरी आहे."

पाऊण तासानं फिरत्या नर्सचा फोन आला. दार बराच वेळ वाजवावं लागलं. आई आणि सासू दोघीही झोपल्या होत्या, फोन आवाज बंद करून उशाशी ठेवला होता. बाळाचं अंग गार, हातपाय सैल, तळव्याला टिचकी मारली तरी नुसतं कुरकुरलं. गाडी निघाली होती.

"नवजात कक्षाला कळवते," मॅडम म्हणाल्या. बाहेर पडताना दारात थांबल्या. "तुम्ही येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. छान म्हणालात, तेही नोंदवावं लागेल."

"नोंदवा. मीच लिहून देते."

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "छानताई, कमाल केलीत हो! नुसत्या फोनवरून ओळखलंत!" तोवर ही बातमी मजलाभर पसरली होती आणि पसरताना तिचा अर्धा भाग कुठेतरी गळून गेला होता. छानताईंनी पर्स उचलली. "कमाल नाही गं. उशीर केला मी," त्या म्हणाल्या. बाईला तो विनय वाटला.

घरी नवऱ्यानं ताट वाढून ठेवलं होतं. लिफ्टच्या दुरुस्तीची कामं सोडल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. पहिल्या घासानंतरच छानताईंनी हात आवरला. झालेलं सगळं त्यांनी सांगितलं, काही न गाळता.

"बाळ आहे ना जिवंत?" नवऱ्यानं विचारलं.

"आहे. रक्तात जंतू गेलेत. औषधं चालू केलीत."

"मग झालं तर. इतका जीव नको जाळूस." थोडं थांबून त्यांनी हसवायचा प्रयत्न केला. "आणि तुझ्या छानचं म्हणशील तर मी ऐकत आलोय ते जन्मभर. भाजी खारट झाली तरी छान, करपली तरी छान. म्हणून तर मला स्वयंपाक अजून येत नाही."

छानताई हसल्या नाहीत. भाजी खरंच खारट झाली होती. एरवी त्यांनी ते सांगितलं नसतं.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं एक घास खाऊन बघितला. "आहे खरी," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

आठवडा उलटल्यावर मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. नवजात कक्षातून त्या आईचा निरोप होता. फोनवरच्या बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत. मॅडमनी फोन लावून दिला आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी," आई घाईघाईनं म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू? डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं. आता ओढून पितंय. काल चक्क रडलं! मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले."

"कान तपासायचेत ना त्याचे?" छानताईंनी विचारलं.

"हो, महिन्याभरानं. या आजारात कधी कधी कानांवर जातं म्हणाले. बघू."

इथे फोन ठेवता आला असता. आई खूश होती, मॅडम पाठमोऱ्या होत्या. छानताईंनी वायर बोटाला गुंडाळली.

"ऐका. त्या दिवशी सकाळी तुम्ही मला विचारलंत, असं चालतं का. मी छान म्हणाले. ते म्हणायला नको होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, नंतर कळलं. मधले दोन तास माझ्यामुळे गेले."

पलीकडे यंत्रांची पीप पीप चालू होती.

"मला आतून वाटत होतं काहीतरी," आई म्हणाली. आवाज आता कोरडा होता. "म्हणून तर विचारलं. तुम्ही छान म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, बघ, दवाखान्याच्या बाईही तेच म्हणतात. मग फोनचा आवाज बंद केला आणि आम्ही झोपलो."

"हो."

"त्या दोन तासांनी काही बिघडलं असेल का?"

खोलीतल्या सगळ्या पडद्यांतली सगळी माहिती एकत्र केली तरी याचं उत्तर निघणार नव्हतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टरांनाही सांगता येईल असं वाटत नाही. यापुढचे फोन दुसऱ्या कुणी केलेले हवे असतील, तर तसं करता येतं."

मागे एक बाळ कुरकुरलं आणि मग सणसणीत रडायला लागलं.

"नको, तुम्हीच करा," ती म्हणाली. "तुम्ही आता उगाच छान म्हणणार नाही." आणि बाळाला घ्यायला म्हणून तिनं फोन ठेवला.

तिनं क्षमा केली की टोमणा मारला, हे छानताईंना कळलं नाही. त्यांनी मॅडमना विचारलंही नाही. मॅडम खिडकीपासून वळून एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून काही दिवस मी तुमच्या शेजारी बसते, सिस्टर." छानताईंनी मान डोलावली.

उद्या सकाळी साडेनऊला त्यांचा पहिला फोन आहे. शेजारच्या खुर्चीत मॅडम दुसरा हेडफोन लावून बसलेल्या असतील. 'रात्री तुमची पुरेशी झोप होते का?' या प्रश्नाच्या आधी, धोक्याच्या खुणांच्या भागात, सहाही टेबलांवर एक नवा प्रश्न येईल: 'दुधासाठी बाळ आपणहून जागं होतं का?' उत्तर 'नाही' आलं, तर पुढचा भाग उघडणारच नाही. लाल बटण दाबावं लागेल.