शुक्रवारचा वेग

सहा महिने मी एका कोडसाठी डोकं फोडत होते. कॉम्प्युटरच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यात माझ्या हातचं काहीतरी जावं एवढीच माझी हौस. कामतघरला आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावर माझी खोली आहे. खाली दिवसरात्र खडखडाट, वर मी आणि माझा जुना लॅपटॉप.

काम हॅश फंक्शनचं. कितीही मोठी फाइल द्या, ते तिचा ठरावीक लांबीचा एक आकडा काढतं. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. या कामासाठी प्रोसेसरमध्येच खास सूचना असतात. त्या अशा क्रमाने लावायच्या की प्रोसेसर क्षणभरही रिकामा बसू नये. घरात कुणी विचारलं तर मी नुसतं "कॉम्प्युटरचं काम" म्हणून विषय तोडायचे.

अखेर माझा कोड कर्नलमधल्या जुन्यापेक्षा चांगलाच वेगवान निघाला. मी तो पाठवला. तपासणारा कुठल्या देशात बसतो देव जाणे, त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: माझ्याकडे काहीच फरक दिसत नाही. माझं डोकंच फिरलं. नवा कोड पुन्हा मोजला, पुन्हा पाठवला, पुन्हा तीच ओळ. या माणसाला मोजता येत नाही, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

जेवताना मी त्याचा उद्धार करत होते. बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दोन्ही कवा मोजलंस?"

"जुना आठवड्यात कधीतरी. नवा शुक्रवारी. लूमना सुट्टी असते, शांत असतं."

"शुक्रवारी तुझी खोली थंड असते, बाय. दोन लूम ताडून बघायचं तं एकाच दिशी, एकाच शिफ्टला बघायचं. लूम दुरुस्त करनाऱ्या आपल्या जॉबरला पन कलतं."

मला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर होते. लूम चालू असले की माझी खोली तापते, खोलीबरोबर लॅपटॉप तापतो, आणि तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. शुक्रवारी फरशीवर अनवाणी बरं वाटतं हेही मला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्हींची सांगड घालायची अक्कल मात्र झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी दोन्ही कोड आलटून पालटून चालवले. आकडे सारखे. सोमवारी लूमच्या खडखडाटात पुन्हा चालवले, तरी सारखेच. माझ्या सहा महिन्यांच्या कामाने काहीच फरक पडला नव्हता.

चूक माझीच होती असं कळवून मी कोड मागे घेतला. कारण म्हणून "खोलीतली उष्णता" एवढंच लिहिलं. कारखाना, शुक्रवार, हे सगळं त्या माणसाला समजावत बसायची इच्छाच उरली नव्हती.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "मंग, घेतला का त्यानी?"

"नाही."

"आठवडाभर लूम बंद ठेवू का? तुझी खोली थंड ऱ्हाईल."

माझ्या बारशालाही या माणसाने लूम बंद ठेवले नव्हते. लूम बंद ठेवून काही उपयोग होणार नाही, हे त्यांना सांगताना मला रडू आलं.